मिल सुरू झाली की इंटरकॉम ऐकू येत नाही: साखर कारखान्यातल्या दरवर्षीच्या तक्रारीचं निवारण

तक्रार दरवर्षी तीच असते आणि तिची वेळही ठरलेली. ऑफ-सीझनला इंटरकॉम तपासला तेव्हा तो टकाटक चालत होता. गव्हाणीवरून (जिथे ऊस टाकतात तिथून) बोललेलं मिल हाऊसला स्वच्छ ऐकू येत होतं, खाते प्रमुखांनी रजिस्टरवर सही ठोकली. मग बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली, फायब्रायझर (गाळण्याआधी ऊस पिंजणारं यंत्र) पूर्ण वेगात फिरायला लागला आणि आठवड्याच्या आत लॉगबुकात नोंद आली: ‘इंटरकॉमचा आवाज येत नाही.’ वायरमन येऊन ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम वाढवतो. भोंगा शिट्टी मारायला लागतो. रात्रपाळीतला कोणीतरी वैतागून व्हॉल्यूम खाली करतो, नाहीतर भोंग्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंद. गळीत हंगाम संपेपर्यंत हाच खेळ.

(भोंगा म्हणजे इथे सगळीकडे हॉर्न स्पीकर. पाळी बदलताना वाजतो तो नव्हे.)

‘आवाज येत नाही’ या तक्रारीतला आवाज बहुतेक वेळा पुरेसा असतोच. बोलणं समजत नसतं, आणि त्याचं मूळ ऐकणाऱ्याच्या भोंग्यापेक्षा बोलणाऱ्याच्या माइकपाशी जास्त वेळा सापडतं. यंत्रणा बंद कारखान्यात, शांततेत सेट केली होती. ते सेटिंग मिल चालू असताना टिकणार नाही, हे मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

दोष कुठल्या टोकाला आहे

स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. डीसीएसच्या, म्हणजे संगणकीय नियंत्रण कक्षाच्या, वातानुकूलित खोलीत दार लावून बसा आणि मिलवरच्या माणसाला चालू मिलमध्ये बोलायला सांगा. खोली शांत आहे, म्हणजे तुमच्या बाजूला गोंगाटाचा प्रश्न नाही. तिथेही बोलण्याऐवजी घरघरच ऐकू आली, तर दोष मिलवरच्या माइकच्या टोकाला आहे आणि ॲम्प्लिफायर कितीही वाढवला तरी घरघर आणि बोलणं दोन्ही सारखंच वाढेल. खोलीत बोलणं स्वच्छ आलं, पण तेच बोलणं गव्हाणीवर समजत नाही, तर दोष ऐकण्याच्या बाजूला. मग उलटं करा: शांत खोलीतून तुम्ही बोला, मिलवर ऐकायला लावा. एवढ्यावर निम्मा कारखाना संशयातून सुटतो. ही तपासणी न करताच भोंगे बदलले जातात, आणि खरेदी विभागाला नवं कारण सांगायची वेळ येते.

माइकपाशी नेमकं काय होतं

साधं बोलणं तोंडापासून १ मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात. म्हणजे ५० सेंटिमीटरवर ६६, २५ वर ७२, आणि असं करत ओठांपासून २ सेंटिमीटरवर ९४ च्या आसपास. फायब्रायझर आणि पहिल्या मिलच्या मध्ये गोंगाट मोजायचा मीटर ९५ दाखवत असेल, तर २ सेंटिमीटरवरून बोललेलं आणि गोंगाट जेमतेम बरोबरीत येतात. तोच माणूस भिंतीवरच्या पेटीपासून हातभर लांब उभं राहून ओरडला, तरी त्याचा आवाज माइकपाशी ९० च्या घरातच पोहोचतो आणि गोंगाटाखाली जातो. हा तोटा पुढची कुठलीच यंत्रणा भरून काढू शकत नाही. जे माइकमध्ये शिरलंच नाही, ते पुढे कुठून येणार?

म्हणून मिल, फायब्रायझर, टर्बाइन आणि बॉयलरच्या पंख्यांपाशी उघडा, हात न लावता बोलायचा टॉकबॅक चालत नाही. तिथे हातात धरायचा किंवा हेडसेटवरचा नॉइज-कॅन्सलिंग माइकच लागतो. या माइकला पुढून आणि मागून, दोन्हीकडून भोकं असतात. लांबून आलेला गोंगाट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच पोहोचतो आणि पडद्यावर एकमेकाला मारतो. तोंड मात्र एकाच बाजूला अगदी जवळ असल्यामुळे बोलणं शिल्लक राहतं. खालच्या सुरातली घरघर याने चांगली कमी होते, टर्बाइनची तीक्ष्ण किणकिण तितकी नाही.

आता हँडसेट हातात घेऊन नीट बघा. मागच्या भोकांवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली आढळते, ‘बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा जाऊ नये म्हणून’. किंवा पुढच्या स्पंजवर भुसा, तेल आणि रसाची वाफ यांचा चिकट थर बसून त्याची टणक वडी झालेली असते. मागचं भोक बुजलं की नॉइज-कॅन्सलिंग संपलं. उरला तो साधा माइक, तोही बहिरा. टेप काढा, स्पंज बदला. स्पंज स्वस्त असतो, दहा-वीस नग स्टोअरला ठेवायलाच हवेत. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने माइक साफ करायची सवय मोडा. पाइपमधून आलेला एक झोत पडदा फाडायला पुरतो, शिवाय त्या हवेत पाणी आणि तेल असतं ते वेगळं.

दुसरी गोष्ट धरायच्या पद्धतीची. मोबाइलची सवय झालेला माणूस हँडसेट गालाशी धरतो आणि माइक हनुवटीखाली जातो. नॉइज-कॅन्सलिंग माइक ओठांना जवळजवळ टेकलेलाच हवा. तीन बोटं लांब गेला की बोलणंही गोंगाटासारखंच वजा व्हायला लागतं. हे चित्र काढून पेटीच्या झाकणावर चिकटवा. लेखी सूचनेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सेटिंग चालू मिलमध्येच

क्रम महत्त्वाचा आहे. गाळप पूर्ण क्षमतेने चालू असताना, त्या ठिकाणी रोज उभा राहणाऱ्या माणसाकडूनच बोलवून घेऊन हे करायचं. इंजिनिअरचा आवाज आणि ऑपरेटरचा आवाज यांत फरक असतो.

आधी ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, म्हणजे माइकचा आवाज (गेन) आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करा. ऑफिसच्या फोनला तो चांगला, पण मिलवर तो घात करतो: माणूस श्वास घ्यायला थांबला की यंत्रणेला वाटतं आवाज कमी झाला, ती गेन वाढवते आणि त्या फटीत मिलचा सगळा गडगडाट समोरच्याच्या कानावर ओतते. आवाजावर आपोआप सुरू होणारं प्रक्षेपण, म्हणजे व्हॉक्स, तेही बंद. गोंगाटात व्हॉक्स कायमच उघडा राहतो आणि एकटा मिलवाला अख्खी लाइन अडवून बसतो. बोलायचं तर बटण दाबूनच.

मग माइकचा गेन. तो इतका ठेवा की माणूस जोरात बोलला तरी आवाज फाटत नाही. बहुतेक वेळा फॅक्टरी सेटिंगपेक्षा तो बराच खाली आणावा लागतो, कारण गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. फाटलेला आवाज गोंगाटातून कळतच नाही; त्यापेक्षा थोडा लहान पण स्वच्छ परवडला. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारी सोय) असेल तर त्याची पातळी मिलच्या गोंगाटापेक्षा थोडीच वर ठेवा. फार वर ठेवलं की शब्दांची सुरुवात तुटते.

त्यानंतर इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. ३०० ते ४०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मिलची ताकद तिथेच असते आणि खालचे सूर वरच्या सुरांना झाकतात. १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचला. व्यंजनं तिथे असतात आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. असं केल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागेल. लागू दे. ‘आधी आवाज भारदस्त होता’ अशी तक्रार वरच्या केबिनमधून येते. ती ऐकून घ्यायची आणि सेटिंगला हात लावायचा नाही.

व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी. तो ठरला की नॉबवर कुलपी झाकण, नाहीतर पासवर्ड. सगळे आकडे ॲम्प्लिफायरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, ‘गाळप चालू’ असं ठळक लिहून. पुढच्या ऑफ-सीझनला कोणी ‘फार मोठा आवाज येतोय’ म्हणून ते फिरवणार, ते यानेच थांबेल.

शब्द तुटतात तेव्हा

मराठीत बोलणाऱ्या कारखान्याला हा मुद्दा विशेष लागू आहे, आणि मला तो इतर सगळ्यांपेक्षा जास्त गंभीर वाटतो. बटण दाबून बोलायच्या यंत्रणेत दोन्ही टोकं तुटतात. बटण दाबता दाबताच बोललं की पहिला शब्द जातो. शेवटचा शब्द तोंडात असतानाच अंगठा उचलला की तोही जातो. आपला नकार नेमका वाक्याच्या शेवटी येतो. ‘कॅरियर बंद करू नका’ (कॅरियर म्हणजे ऊस पुढे नेणारा पट्टा) मधला ‘नका’ तुटला की समोर काय पोहोचलं बघा. उलट बाजूने ‘नको चालू करू’ मधला पहिला शब्द गेला, तर मिलमध्ये हात घातलेल्या फिटरची काय गत होईल, ते सांगायला नको.

उपाय दोन. बटण दाबून एक श्वास थांबायचं, मग बोलायचं, आणि बोलून झाल्यावर पुन्हा एक श्वास थांबून सोडायचं. दुसरं म्हणजे नकाराची वाक्यंच वापरायची नाहीत: ‘बंद करू नका’ ऐवजी ‘चालू ठेवा’, ‘चालू करू नका’ ऐवजी ‘थांबा, थांबा’. समोरच्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, त्याशिवाय हात हलवायचा नाही. आकड्यांचंही तसंच. सात, आठ, साठ हे तिन्ही गोंगाटात सारखेच लागतात, कारण उरतो तो ‘आ’. बॉयलरचं प्रेशर किंवा टाकीची पातळी सांगताना ‘सहा-शून्य’ असं सुटं म्हणावं.

आणि हे स्पष्टच लिहितो: आपत्काळात यंत्र थांबवायचं काम इंटरकॉमवर सोपवू नका. कॅरियरच्या बाजूने पुल-कॉर्ड (ओढली की पट्टा थांबवणारी दोरी) आणि इमर्जन्सी स्टॉप असलाच पाहिजे, आणि मिलमध्ये काम करताना वीजपुरवठा तोडून कुलूप लावलेलंच असलं पाहिजे. इंटरकॉमवर ‘थांबवलंय का? हो, थांबवलंय’ एवढ्या संवादावर कोणी पट्ट्यावर चढत असेल, तर तो इंटरकॉमचा प्रश्नच राहत नाही.

भोंगा किती लांब पोहोचतो

माइकचं टोक निर्दोष निघालं तर ऐकण्याच्या बाजूचा हिशेब करा. १५ वॅटचा चांगला भोंगा १ वॅटला १ मीटरवर १०८ डेसिबल देतो असं धरू. १५ वॅटला त्यात १२ ची भर, म्हणजे १२०. अंतर दुप्पट झालं की ६ वजा: २ मीटरला ११४, ४ ला १०८, ८ ला १०२, १६ ला ९६. बोलणं समजायला ते गोंगाटापेक्षा निदान १० डेसिबल वर हवं. ९५ च्या मिलमध्ये १०५ लागतात, म्हणजे हा भोंगा पाच-सहा मीटरपर्यंतच कामाचा. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण हे आकडे पूर्ण ताकदीचे आहेत आणि बोलण्याची सरासरी त्याच्या बरीच खाली असते. त्याऐवजी ३० वॅटचा लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतात, पैसे मात्र दुप्पट. एक मोठा भोंगा खांबावर उंच टांगण्यापेक्षा कमी वॅटचे दोन-तीन माणसांच्या जवळ, डोक्याच्या थोडे वर आणि खाली झुकवून लावलेले बरे.

वाढवण्यालाही मर्यादा आहे. कारखाने कायद्याखालच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही हद्द आहे आणि ११५ च्या वर तर जायचंच नाही. भोंग्याखाली १ मीटरवर उभा राहणारा ऑइलमन १२० खातोय, हे सुरक्षा अधिकाऱ्याने बघितलं तर तो भोंगा उतरवेल आणि ते योग्यच आहे. जिथे गोंगाट १०० च्या पुढे जातो, तिथे घोषणा करायचा नाद सोडा. फिरता पिवळा दिवा लावा. दिवा लागला की माणूस आवाजरोधक केबिनमध्ये जाऊन हँडसेट उचलेल, नाहीतर कानावरच्या इअरमफलाच माइक-स्पीकर बसवलेला संच द्या. इअरप्लग घातल्याने बोलणं कमी समजतं हा समज काढून टाका. एवढ्या गोंगाटात प्लग दोन्ही आवाज सारखेच खाली आणतो आणि कानावरचा ताण कमी झाल्याने बोलणं उलट बरं कळतं.

गोंगाट मोजायला मोबाइलचं ॲप वापरू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, मोठ्या आवाजाला तो दबतो आणि आकडा कमी दाखवतो. सुरक्षा विभागाकडचा मीटर मागून घ्या.

भोंगे वाढले की ॲम्प्लिफायर थकतो

१०० व्होल्ट लाइनवर (सगळे भोंगे जोडलेली ॲम्प्लिफायरची लाइन) ऑफ-सीझनला कोणीतरी ‘अजून एक’ भोंगा जोडतो, मग अजून एक. १२० वॅटच्या ॲम्प्लिफायरवर १५ वॅटचे सहा, म्हणजे ९० वॅट, हे ठीक. आठ झाले की सगळी ताकद संपली. आवाज फाटतो, दुपारी उकाड्यात ॲम्प्लिफायर स्वतःच बंद पडतो आणि रात्री पुन्हा चालतो. लाइनचा इंपिडन्स (आवाजाच्या सिग्नलला होणारा विरोध) मोजून बघा: ९० वॅटला तो १११ ओहमच्या आसपास यायला हवा. ६० आला, तर कुठेतरी भोंग्याचा टॅप (वॅट ठरवायची जोडणी) बदललाय किंवा एखाद्या भोंग्यात पाणी शिरलंय. हे साध्या मल्टिमीटरने होत नाही, तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोधच दाखवतो आणि आकडा भलताच कमी येतो. इंपिडन्स मीटरच हवा. लाइनला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा असेल तर आधी ॲम्प्लिफायर सोडवून बाजूला करा.

शिट्टीबद्दल वेगळं फार लिहायचं नाही. भोंगा माइककडे तोंड करून असेल तर वळवा. पेज-पार्टी पद्धतीच्या, म्हणजे घोषणा आणि आपसातलं बोलणं दोन्ही करणाऱ्या, संचात हँडसेट उचलला की जवळचा भोंगा आपोआप गप्प होतो. तो होत नसेल तर हुकखालचा स्विच गंजलाय.

गुणगुण

सतत एकसुरी ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर केबलच्या शील्डची (तारांवरच्या धातूच्या आवरणाची) अर्थिंग बघा. दोन्ही टोकांना अर्थ केलं असेल तर एक टोक सोडा. तरी राहिली तर लाइनमध्ये एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका. बारीक चिरचिर असेल आणि कॅरियर थांबला की तीही थांबत असेल, तर इंटरकॉमची केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेलीय. ती वेगळी काढा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. सीझनमध्ये केबल हलवायला वेळ मिळत नाही हे खरं, पण निदान ऑफ-सीझनच्या कामाच्या यादीत ते आत्ताच लिहून टाका, नंतर आठवत नाही.

नेटवर्कवरचे संच

नव्या आयपी संचांत तीन दुखणी पुन्हा पुन्हा भेटतात. पहिलं, मोठ्याने घोषणा केली की संच रीस्टार्ट होतो, हळू बोललं तर नाही. साध्या पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) संचापर्यंत १२.९५ वॅटच पोहोचतात. आतला ॲम्प्लिफायर जोरात चालला की तेवढे पुरत नाहीत. पीओई प्लसचा पोर्ट द्या, तिथे २५.५ मिळतात. केबल १०० मीटरच्या आत आहे ना, तेही बघा.

दुसरं, घोषणा सुरुवातीला सगळीकडे जाते आणि चार-साडेचार मिनिटांनी काही संच गप्प होतात. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (घोषणा फक्त मागणाऱ्या पोर्टलाच द्यायची सोय) चालू आहे, पण क्वेरिअर (ती कोणाला हवी हे अधूनमधून विचारणारा) कोणीच नाही. सदस्यत्वाची मुदत नेहमीच्या सेटिंगला २६० सेकंद असते. ती संपली की स्विच त्या पोर्टला मल्टिकास्ट, म्हणजे ती घोषणा, देणं थांबवतो. एका स्विचवर क्वेरिअर चालू केला की प्रश्न मिटतो. यासाठी संच बदलणाऱ्यांची संख्या कमी नाही.

तिसरं, वीज जाऊन आली की काही संच गायब. डीएचसीपी सर्व्हर (संचांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा) उठायच्या आधी संच उठतात आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतात. इंटरकॉमला स्थिर पत्ते द्या आणि ते डीएचसीपीच्या यादीतून वगळा. सीसीटीव्ही त्याच स्विचवर असेल तर आवाजाला वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचमधलं स्वतंत्र नेटवर्क) आणि प्राधान्य, म्हणजे डीएससीपी ४६, द्या. नाहीतर कॅमेऱ्यांच्या गर्दीत शब्द गळतात. बँडविड्थला जागा असेल तर कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी.७२२ ठेवा. जुन्या जी.७११ ला ३,४०० हर्ट्झच्या वरचं जात नाही, आणि व्यंजनांचा बराच भाग तिथेच राहतो.

धुणं आणि मुंग्या

पेटी आयपी ६५ ची (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बंदिस्त) असली तरी ग्लँड (केबल आत घ्यायचं घट्ट तोंड) वरून घेतला तर पाणी केबलवरून आत उतरतं. केबल खालून घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, रिकामी भोकं बुजवा. रसाच्या वाफेमुळे जंक्शन बॉक्समध्ये गोडसर चिकटा बसतो आणि त्याच्यामागे मुंग्या येतात. टर्मिनल कोमट पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, मगच स्प्रे मारा. चिकट्यावर मारलेला स्प्रे काही कामाचा नाही.

कारखान्याला लागून आसवनी असेल तर तिथला संच मिल हाऊसच्या स्टोअरमधून उचलून बसवू नका. अल्कोहोलच्या वाफेच्या भागात त्या झोनसाठी प्रमाणित केलेलाच संच चालतो, आणि त्याचा ग्लँडसुद्धा तसाच प्रमाणित लागतो. तो मागवायला वेळ लागतो, म्हणून मागणीपत्र सीझन संपायच्या आत पाठवा.